बावीसशे सहा नंबरची प्लेट

११ फेब्रुवारी, मंगळवार

हाताला अजून स्पिरिटचा वास येतोय. दोनदा साबण लावला तरी. आज एकोणचाळीस प्लेटा पुसल्या! वेधशाळेतल्या मॅडमनी तीस सांगितल्या होत्या. "सावकाश कर, शर्यत नाहीये," म्हणाल्या. पण खूश होत्या.

हे माझं बारावं काम. मावशीच्या मते चौदावं. ती कुत्री फिरवणं आणि ते दोन दिवसांचं रिसेप्शनही धरते, मी धरत नाही.

वेधशाळेच्या तळघरात काचेच्या अकरा हजार प्लेटा आहेत. पूर्वी आभाळाचा फोटो काचेवर घ्यायचे. प्लेटेच्या एका बाजूला फोटोचा थर, ती बाजू मंद, धुरकट. दुसरी नुसती काच, चकचकीत. आणि सगळं उलटं! आभाळ पांढरं, तारे काळे. पहिल्या दिवशी मला वाटलं माश्यांनी घाण केलीय. बोललेही तसं. मॅडम हसल्या नाहीत.

चकचकीत बाजूवर जुन्या लोकांनी शाईने खुणा केल्यात. वर्तुळं, बाण, आकडे. आता या प्लेटा स्कॅन करायच्यात, आणि शाईखालचं स्कॅनरला दिसत नाही. म्हणून पुसायच्या. पण आधी शाईसकट साधा फोटो काढायचा, रजिस्टरात टिक करायची, मगच पुसायचं. मॅडमनी हा क्रम मला तीनदा सांगितला. तीनदा! मी काय बालवाडीत आहे?

खरी मजा पाकिटांत आहे. प्रत्येक प्लेट कागदी पाकिटात असते आणि पाकिटावर त्या त्या रात्रीच्या माणसाने काहीबाही लिहिलेलं असतं. आज सापडलेली काही उतरवून ठेवते —

"ढग. थांबलो. ढग. थांबलो. ढग. झोपलो."

"घुमटात पाखरू शिरलं. त्याला बाहेर काढण्यात पाऊण तास गेला. प्लेट वाया. पाखरू सुखरूप."

"हाताला मुंग्या. दुर्बिणीलाही असाव्यात."

ही माणसं मला आवडायला लागलीत. दुपारी तर मी पाकिटंच वाचत बसले, हात आपला पुसतोय आणि डोळे पाकिटावर. मॅडम मागून येऊन गेल्या तरी कळलं नाही.


१२ फेब्रुवारी

फक्त अठरा. पाठ धरली.

मॅडम उद्यापासून रजेवर, सोमवारी येणार. जाताना पुसलेल्या सगळ्या प्लेटा कोरड्या कपाटात उभ्या करून त्यांनी कुलूप लावलं. चावी पर्समध्ये. म्हणाल्या, "तोवर रिकामी पाकिटं नंबरवार लाव." म्हणजे चार दिवस पाकिटं! मज्जा!


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज गणित्या घरी आला होता. हे त्याचं खरं नाव नाही अर्थात. वेधशाळेत वरच्या मजल्यावर बसतो, कक्षा मांडतो — म्हणजे आभाळातली कोणती गोष्ट कुठून कुठे फिरते त्याचं गणित. पन्नाशीचा असेल. मी मावशीची भाची म्हणून मला "भाचीबाई" म्हणतो. अख्खं ऑफिस आता तेच म्हणतं.

आला, चपला काढल्या, बसला, आणि एकदम मावशीला म्हणाला, "तुमचा सापडला."

मावशी बटणं लावत होती. तिने सुई उशीत खोचली. "काय सापडला?"

"तुमचा दगड."

मग जे कळलं ते मला आजवर कधीच माहीत नव्हतं! मला एवढंच माहीत होतं की मावशी लग्नाआधी वेधशाळेत प्लेटांवरच्या ताऱ्यांच्या जागा मोजायची आणि नंतर वीजमंडळात मीटरची रीडिंगं तपासत निवृत्त झाली. का सोडलं, कोणी कधी बोललं नाही. आईला विचारलं की म्हणायची, "तिचा स्वभाव."

तर झालं असं. एकेचाळीस वर्षांपूर्वी मावशीला एका प्लेटेवर बारीक रेघ दिसली. तारे ठिपक्यासारखे दिसतात, कारण दुर्बीण त्यांच्याबरोबर फिरते. पण तासाभराच्या फोटोत एखादी गोष्ट स्वतः सरकत असेल तर तिची रेघ उमटते. म्हणजे लघुग्रह. मंगळ आणि गुरूच्या मधे असे दगड लाखोंनी फिरतात. ती प्लेट बावीसशे एक. दोन रात्रींनी घेतलेल्या बावीसशे सहा नंबरच्या प्लेटेवर मावशीला तो पुन्हा सापडला, थोडा पुढे सरकलेला. तिने शाईने वर्तुळ काढलं आणि साहेबांकडे घेऊन गेली.

साहेब म्हणजे तेव्हाचे मुख्य. मावशीला हे काम त्यांनीच शिकवलं होतं, हाताला धरून. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "पहिली रेघ असेल. ही दुसरी रेघ नाही, बाई. थरातला बुडबुडा आहे. आणि एका रात्रीवर मी शोधाचं पत्र पाठवत नाही."

बस. विषय संपला. दुसऱ्या रात्रीशिवाय कक्षा मांडता येत नाही, आणि दगड गेला तो गेलाच.

"बुडबुडा म्हणे," मावशी म्हणाली. "मला रेघ आणि बुडबुडा कळत नव्हता? त्यांनीच शिकवलेलं! मोजणारीने शोधला, दुर्बिणीवर बसणाऱ्यांना नाही सापडला — ते सलत होतं त्यांना." महिन्याच्या आत तिने राजीनामा दिला. साहेबांशी त्यानंतर एक शब्द नाही. साहेब अजून आहेत, चौऱ्याऐंशीचे. मधूनमधून मॅडमना फोन करून प्लेटांची विचारपूस करतात म्हणे.

आठ महिन्यांपूर्वी कुठल्याशा स्वयंचलित दुर्बिणीला एक नवीन दगड दिसला. गणित्याने सहज चाळा म्हणून त्याची कक्षा मागे मागे नेली, आणि ती मावशीने तेव्हा नोंदवलेल्या, बावीसशे एकवरच्या रेघेवर जाऊन टेकली! नेमकी!

"आता दुसरी रात्र दाखवली," गणित्या म्हणाला, "की आधी कोणी पाहिला त्या ओळीत तुमचं नाव. श्रेय कोणाला द्यायचं ते वरचे लोक ठरवतील, ते जाऊ दे. पण पहिली नजर तुमची, हे कागदावर येईल. फक्त बावीसशे सहा पाहिजे."

मावशीने सुई परत उचलली. ओवायला गेली. दोरा तीनदा चुकला. तिचा दोरा कधी चुकत नाही.

पण बावीसशे सहा, बावीसशे सहा — हा नंबर मी कुठेतरी पाहिलाय.


१४ फेब्रुवारी

पाहिलाय. पाखरू! ते पाखराचं पाकीट बावीसशे पाचचं होतं. त्याच्या पुढची बावीसशे सहा.

सकाळी धावत गेले, रजिस्टर उघडलं. मंगळवार. बावीसशे चार: फोटो टिक, पुसली टिक. बावीसशे पाच: टिक, टिक. बावीसशे सहा: फोटोचा रकाना रिकामा. पुसली — टिक. खाली माझी सही, शेपटीसकट.

पाखराच्या नादात!

कॅमेऱ्यातले सगळे फोटो पाहिले, पुन्हा पाहिले. नाही. मावशीचं वर्तुळ मी कापसाने पुसून टाकलंय. एकेचाळीस वर्षं टिकलं आणि माझ्या हातात अर्धं मिनिट नाही टिकलं.

जिन्यात गणित्या भेटला. "काय भाचीबाई, सोमवारी कपाट उघडलं की आधी आपली प्लेट हं!" मी हसले. म्हणजे तोंडाने तसं काहीतरी केलं.


१४ फेब्रुवारी, पुन्हा

अजून वाईट. आत्ता भांडी घासताना डोक्यात आलं — मी कोणती बाजू पुसली?

शाई चकचकीत बाजूवर असते. ती पुसली तर फक्त वर्तुळ गेलं. पण मी पाकीट वाचत होते, पाहत नव्हते. चुकून मंद बाजू वर असली, आणि तिच्यावर स्पिरिटचा बोळा फिरला असला, तर थर गेला. थर गेला म्हणजे तारे गेले, रेघ गेली, ती अख्खी रात्र गेली.

आठवायचा प्रयत्न करतेय. पाखरू लख्ख आठवतंय. बाजू नाही आठवत.


१५ फेब्रुवारी, शनिवार

चोराच्या मनात चांदणं. मावशी "अगं" म्हणाली तरी दचकते.

आणि ती आज इतकं बोलतेय! कधी नव्हे ती. जेवणाच्या टेबलावर तिने मला कक्षा मांडून दाखवली. मधे चहाची किटली म्हणजे सूर्य. "पृथ्वी किटलीपासून एक वीत धर. हा दोन पूर्णांक सात विती लांब. म्हणजे सरासरी. वर्तुळ नाहीये त्याचं, जरा लंबुळकं आहे. जवळ येतो तेव्हा सव्वादोनपेक्षा थोडा आत, लांब जातो तेव्हा जवळजवळ सव्वातीन." बटण सरकवत होती टेबलावरून. "आणि पृथ्वीच्या पातळीत नाही फिरत. अकरा अंश तिरका." मग माझी वही बटणाखाली तिरकी धरली. हीच वही! मी पटकन काढून घेतली.

"जवळ आला की वेग वाढतो, लांब गेला की रेंगाळतो," म्हणाली. "तुझ्यासारखा. फक्त तो परत येतो."

"मी पण येते की."

"तू भूक लागली की येतेस."

एक फेरी चार वर्षं पाच महिन्यांची. मावशीने त्याला पाहिल्यापासून त्याच्या सव्वानऊ फेऱ्या झाल्या. तिने हे तोंडी केलं! मीटरची रीडिंगं तपासायला होती ही बाई, तीस वर्षं.

मग बटण उचलून डब्यात टाकताना म्हणाली, "मला त्या ओळीचं काही नाही गं. सत्तरीत नाव घेऊन काय करू? पण मी खोटं बोलत नव्हते, एवढं कोणीतरी लिहावं."

मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. तेवढ्यात खाली भंगारवाला ओरडला आणि मावशी रद्दी घेऊन उठली आणि राहिलं. (भंगारवाल्याकडे एक शिलाई मशीन होतं, पायाचं, काय सुंदर नक्षी! त्याला विचारलं तर म्हणाला, चालू आहे, फक्त शिवत नाही.)


१६ फेब्रुवारी

बॅग भरली. सकाळची सातची बस आहे.

बॅग रिकामी केली.


१७ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ

सांगितलं.

मावशी इस्त्री करत होती. मी दारातच उभी राहून एका दमात बोलून टाकलं. प्लेट, फोटो, टिक, पाखरू. पाखराचं कशाला सांगितलं कोण जाणे.

मला वाटलं ओरडेल. किंवा रडेल, ते जास्त वाईट. तिने इस्त्री उभी ठेवली आणि विचारलं,

"कोणती बाजू?"

"माहीत नाही."

"चकचकीत का मंद?"

"मावशी, खरंच नाही आठवत."

"बोळ्याला काय लागलं होतं? शाईचं निळं का थराचं तपकिरी?"

"तेही नाही —"

"भटकभवानी!" म्हणाली. एवढंच. नेहमी म्हणते तेच, पण नेहमी हसून म्हणते. मग सदरा उलटा केला आणि कॉलरला इस्त्री करायला लागली. मी तिथेच उभी. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "जा. उशीर होईल. आणि गेल्या गेल्या मॅडमना सांग. आधी तू सांग, मग कपाट उघडू दे. उलटं करू नकोस."

"तू चल ना माझ्याबरोबर."

"त्या जिन्यावर मी पाय ठेवणार नाही."

आता बसस्टॉपवर बसून लिहितेय. शेजारचा माणूस वाकून वाचतोय. वाचा काका, वाचा. तुमचं काय जातंय.


१७ फेब्रुवारी, संध्याकाळ

काय दिवस! काय दिवस! क्रमाने लिहिते, नाहीतर पुन्हा घोळ होईल.

मॅडमना सांगितलं. त्यांनी रजिस्टर उघडलं, माझ्या सहीवर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथेच राहिलं. मग गणित्याला खाली बोलावलं. त्याचा चेहरा पाहवला नाही. कपाटाचं कुलूप निघता निघेना! चावी उलटी घातली होती. मॅडमचीही चावी उलटी पडू शकते, हे पाहून मला जरा धीर आला.

प्लेट काढली. मॅडमनी ती दोन्ही तळहातांत कडांवर धरून खिडकीपाशी नेली आणि उजेडात तिरकी केली. मी डोळे मिटले.

"ये इकडे," म्हणाल्या. "डोळे उघड आधी."

मंद बाजू जशीच्या तशी. धुरकट, सलग, कुठे ओरखडासुद्धा नाही. मी चकचकीत बाजू पुसली होती! स्वच्छ पुसली होती, एक डाग नाही!

"पुसलीय मात्र छान," मॅडम म्हणाल्या. मला हसू का रडू कळेना, म्हणून शिंक आली.

"पण वर्तुळ गेलं ना," मी म्हटलं. "आता कुठे शोधायचं? हजारो ठिपके आहेत."

गणित्या असा काही हसला! "भाचीबाई, शाई म्हणजे दगड नव्हे. शाई गेली. दगड त्या रात्री जिथे होता तिथेच आहे. आणि तो कुठे होता हे आता मला ठाऊक आहे." आठ महिन्यांची नवी मापं एका टोकाला, बावीसशे एक नंबरची प्लेट दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडे गाठ मारली की मधली दोरी हलत नाही, म्हणाला. मला वाटायचं दगड म्हणजे भटक्या. "छे! पक्का नोकरदार. त्याच वाटेने जातो, त्याच वाटेने येतो. गुरू मधूनमधून थोडं ओढतो, तेवढंच. तेही मी धरलंय." कागदावर दोन आकडे लिहिले: डाव्या कडेपासून इतके मिलिमीटर, खालून इतके.

प्लेट उजेडाच्या टेबलावर ठेवली. मॅडमनी पट्टी लावली, भिंग ठेवलं, पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "नाही दिसत." गणित्याने पाहिलं. चष्मा काढून पाहिलं, घालून पाहिलं. "एक मोठा तारा आहे. बाकी काही नाही." त्याचा आवाज खाली गेला.

मग मी पाहिलं. खरंच मोठा तारा. काळा, भरलेला, शाईचा थेंब टिपकागदावर पसरावा तसा, कडेला करडा. मी त्याच्याकडेच पाहत राहिले. मला एका गोष्टीकडे पाहायचं असलं की मी हमखास तिच्या शेजारचं पाहते. शाळेत याच्यासाठी खूप बोलणी खाल्ली. तर त्या करड्या कडेत, ताऱ्याला खेटून, एक बारीकशी काडी. पापणीचा केस तुटून पडावा तेवढी. तिरकी.

"हे काय आहे?"

गणित्याने मला जवळजवळ ढकललंच. मग भिंगावरून डोकं न उचलता म्हणाला, "लांबी बरोबर. दिशा बरोबर. अहो — अहो, हाच की!" आणि मॅडमनी, मॅडमनी हं, टाळी वाजवली! एकच. मग लगेच हात खिशात घातले.

जीव भांड्यात पडला म्हणतात ना, माझा पडल्याचा आवाज आला.

मावशीला फोन केला. "सापडला, मावशी. दुसरी रात्र सापडली. थराला काही झालेलं नाही."

"हं," म्हणाली.

मग म्हणाली, "जेवलीस का?"

घरी आले तर माझ्या चारही सदऱ्यांना इस्त्री केलेली. इस्त्री न करता घालायच्या त्या झग्यालासुद्धा.


१९ फेब्रुवारी

मॅडमनी नवा नियम केला. पाकिटं वाचायची तर चहाच्या वेळी. दोन्ही हात रिकामे पाहिजेत.

पण आज स्वतःच एक वाचून दाखवलं — "फार थंडी. तारे उत्तम. माणूस सुमार."


२२ फेब्रुवारी, शनिवार

झोप लागतेय. आठवडाभर लागत नव्हती हे आता कळतंय.

गणित्या फॉर्म घेऊन आला होता. मावशीने ओळ न् ओळ तपासली, एक आकडा दुरुस्तही केला. "इथे अकरा पूर्णांक दोन पाहिजे, तुम्ही दोन पूर्णांक अकरा टाकलंय." गणित्याचे कान लाल! पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या ओळीत मावशीने नाव लिहिलं, लग्नाआधीचं. ते आडनाव मी तिच्या हातून लिहिलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मी विचारलं, "एवढ्याने काय बदलतं त्या दगडाचं?"

"काही नाही," म्हणाली. "त्याला पत्ताच नाही. म्हणून तर आवडतो."

मोठा आहे किती? पाचेक किलोमीटर असावा म्हणतात, उजेडावरून. म्हणजे मी चालत गेले तर इथून जुन्या पुलापर्यंत. तासाभरात एका टोकाचं दुसऱ्या टोकाला. वाटेत काही पाहण्यासारखं असलं तर दोन तास.

आईचा फोन — "अजून तिथेच आहेस? सोडलं नाहीस?" नाही सोडलं! दहा हजार प्लेटा उरल्यात.


२५ फेब्रुवारी

फॉर्म गेला! मावशीने संध्याकाळी गाणं म्हटलं. सूर लागत नाही तिचा, ते कुठे गणितात बसत नाही.


२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बावीसशे सहा स्कॅन झाली. स्कॅनरवाल्याने कडेचा तिरका दिवाही लावून पाहिला, काच कुठे खराब आहे का ते तपासायला. शाई गेली तरी इतक्या वर्षांत तिने काच किंचित खाल्लेली असते. तिरक्या उजेडात मावशीचं वर्तुळ दिसलं. पूर्ण, गोल.

त्यात आमची काडी नाहीये. काडी त्याच्यापासून बोटभर लांब आहे. वर्तुळाच्या मधोमध थरातला एक बुडबुडा आहे.

गणित्या म्हणाला, "दावा तसाच राहतो. रेघ खरी आहे, दोन्ही रात्रींची. पण मावशींना दाखवू नका, भाचीबाई."

मी दाखवलं. फोटो टेबलावर ठेवला, भिंग दिलं. मावशीने पाहिलं. भिंग उचललं, पुसलं, परत पाहिलं.

"बुडबुडाच आहे की गं," म्हणाली.

आणि तिने श्वास सोडला, इतका लांब की मी घाबरले. पण ती हसत होती. डोळे भरलेले आणि हसत होती.

"खरं सांगत होते साहेब मला. खोटं नव्हते बोलत. अगं, किती बरं वाटतंय!"

मग म्हणाली, "मॅडमकडे साहेबांचा नंबर असेल ना? विचार. आत्ता विचार."